महाद्वार रोडचा नकाशा चालणाऱ्यापासून काढायला हवा

माझी आई चाळीसहून अधिक वर्षे दर शुक्रवारी चालत कोल्हापूरच्या अंबाबाईच्या दर्शनाला जाते. मंगळवार पेठेतल्या घरातून निघायचे, मिरजकर तिकटीवरून बिनखांबी गणेश मंदिरापाशी यायचे, गणपतीला हात जोडायचे आणि महाद्वार रोडने देवळाचे पश्चिमेचे दार गाठायचे, ही तिची ठरलेली वाट. आता तिला ७६ वर्षे पूर्ण झाली आहेत, गुडघे दुखतात, पण रिक्षाने जाऊ म्हटले तर ती ऐकत नाही. गेल्या वर्षी श्रावणातल्या एका शुक्रवारी मी तिच्यासोबत होते. गणपतीच्या देवळापासून आम्ही थोडे पुढे आलो होतो. पदपथावर एका दुकानाची लोखंडी पाटी मांडलेली होती, तिला लागून एक मोटारसायकल तिरकी उभी होती, म्हणून आई खाली उतरायला वळली. पायरी उंच असल्यामुळे तिने नेहमीप्रमाणे माझा खांदा धरला आणि आधी डावा पाय टाकला. उजवा पाय रस्त्यावर टेकतो न टेकतो तोच मागून आलेल्या दुचाकीच्या हँडलमध्ये तिच्या कापडी पिशवीचा बंद अडकला आणि ती हातावर पडली. ओटीचा नारळ पिशवीतून निसटून समोरच्या हातगाडीखाली गेला. मनगटाचे हाड मोडले होते. पुढचे सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता.

दुचाकीवरचा मुलगा विशीतला असेल. तो पळून गेला नाही. त्याने गाडी तिथेच टाकली, आईला उचलायला मला मदत केली, रिक्षा थांबवली आणि प्लास्टर घालून होईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. त्याचा वेग चालणाऱ्या माणसापेक्षा फारसा जास्त नव्हता. त्याच्या डाव्या हाताला पदपथाची कड होती, उजव्या हाताला फळांची गाडी होती आणि मधून निघायला जेमतेम एक मीटर जागा होती. त्याच एक मीटरमध्ये आई उतरली. त्या दोघांनाही दुसरी जागा नव्हती, हे मी पुढे कितीतरी दिवस मनाशी घोळवत राहिले, कारण अपघातानंतर आपण सहसा चूक कोणाची एवढेच विचारतो आणि त्या दोघांना एकाच फटीत कोणी आणून सोडले, हे विचारायचे राहून जाते.

मी गेली पंचवीस वर्षे आराखडे काढण्याचे काम करते. त्यांत घरे असतात, लेआउट असतात, अधूनमधून रस्तेही असतात. रस्त्याचा आराखडा काढायला बसले की पहिली रेघ मध्यरेषेची असते. तिच्या दोन्ही बाजूंना वाहनांच्या मार्गिका आखायच्या, मग गटार दाखवायचे, विजेचे खांब आणि डीपी दाखवायच्या आणि शेवटी मालमत्तेच्या हद्दीपर्यंत जो चिंचोळा पट्टा उरेल त्यावर ‘पदपथ’ असे लिहायचे. मीही इतकी वर्षे असेच काढत आले. आई पडल्यानंतर मला पहिल्यांदा जाणवले की चालणाऱ्याला उरलेसुरले देण्याचा निर्णय आमच्या कागदावरच, पहिल्या रेघेबरोबर झालेला असतो. जुन्या पेठांमधल्या रस्त्यांचा नकाशा घराच्या भिंतीपासून आत काढत यायला हवा: आधी चालण्याची रुंदी, मग फेरीवाल्यांची आणि झाडाखांबांची, आणि जे उरेल ते वाहनांना. महाद्वार रोडसारख्या रस्त्यावर तर दुसरा कोणताही क्रम मला योग्य वाटत नाही, कारण तिथे येणारे बहुसंख्य लोक पायांवरच आलेले असतात; जे वाहनाने येतात त्यांनाही ते कुठेतरी लावून शेवटी चालावेच लागते.

हे बोलले की पहिले उत्तर ठरलेले असते: ‘जागाच नाही, तर करणार काय?’ या उत्तराचा खरेखोटेपणा पाहायला अनंत चतुर्दशीचा दिवस पुरेसा आहे. विसर्जन मिरवणुकीचा मुख्य मार्ग मिरजकर तिकटीवरून बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड आणि पापाची तिकटी असा जातो. त्या दिवशी रस्त्यावर एकही वाहन उभे नसते. तालमींची मंडळे येतात, मूर्तीचे ट्रॅक्टर येतात, ढोलताशांची पथके येतात, दोन्ही बाजूंना लेकरांना खांद्यावर घेतलेली माणसे उभी राहतात आणि हे सगळे त्याच रस्त्यात मावते. दोन्ही भिंतींमधले अंतर आदल्या दिवशी होते तेवढेच असते. नाहीसे झालेले असते ते उभ्या वाहनांचे आणि पुढे सरकलेल्या सामानाचे आक्रमण. एक चारचाकी उभी राहिली की सुमारे ५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद, म्हणजे १० चौरस मीटर जागा अडते. दुचाक्या आडव्या लावल्या तरी त्यांच्या रांगेलाही जवळजवळ २ मीटर लागतात. दोन्ही बाजूंना अशा रांगा लागल्या की रस्त्याची ४ मीटर रुंदी थांबलेल्या वाहनांना जाते आणि चालती वाहने व चालती माणसे उरलेल्या जागेसाठी एकमेकांवर येतात. जागा कमी आहे हे खरेच आहे, पण ती कोणाला दिली आहे हे आधी पाहायला हवे.

रुंदी किती असावी यासाठी अंदाज बांधण्याची गरज नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने पादचारी सुविधांसाठी मार्गदर्शक संहिता केली आहे. तिचा क्रमांक १०३. तिच्यानुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच असा पूर्ण मोकळा पट्टा हवा, आणि बाजारपेठेत ही रुंदी २.५ मीटर किंवा त्याहून अधिक हवी. १.८ हा आकडा मनाने काढलेला नाही. तेवढ्या रुंदीत चाकाच्या दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात, किंवा हातात पिशवी घेतलेली दोन माणसे समोरासमोर आली तर कोणालाही खाली उतरावे लागत नाही. माझ्या आईला त्या दिवशी उतरावे लागले नसते तर पुढचे काहीच घडले नसते, म्हणून हा आकडा मला इतर सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ‘मोकळा’ हा शब्दही तितकाच महत्त्वाचा आहे. कागदावर दोन मीटर पदपथ असेल आणि त्यात विजेचा खांब, टेलिफोनची पेटी आणि फलकाचा पाया असेल, तर चालणाऱ्याच्या वाट्याला दोन मीटर आलेच नाहीत.

उंचीचेही तसेच आहे. संहिता कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त असू नये असे सांगते. आपल्याकडे रस्त्यावर थरावर थर पडत जातात, मग पाणी शिरू नये म्हणून पदपथ पुन्हा उचलला जातो आणि काही ठिकाणी त्याची कड जिन्याच्या दोन पायऱ्यांएवढी होते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती एकदा चढता येते. दर दहा पावलांना एखाद्या बोळाच्या तोंडाशी उतरायचे आणि पुन्हा चढायचे असेल, तर तो माणूस पदपथ सोडून सरळ रस्त्यावरून चालू लागतो. त्याला मग आपण बेशिस्त म्हणतो. जुन्या पेठेत बोळ आणि वाड्यांची दारे जागोजागी आहेत. अशा प्रत्येक ठिकाणी पदपथ खाली न आणता सलग, एकाच पातळीत पुढे न्यावा आणि वाहनाने उतारावरून चढून तो ओलांडावा, ही पद्धत सोपी आहे आणि तिचा दुसरा लाभ मोठा आहे: आपण चालणाऱ्यांच्या जागेतून जातो आहोत हे चालकाच्या चाकांना कळते आणि त्याचा हात आपोआप ब्रेकवर येतो. जिथे उतार द्यावाच लागेल तिथे तो एकास बारा असावा, म्हणजे सहा इंचांच्या कडेला १.८ मीटर लांबीचा उतार. सिमेंटचा एक गोळा लावून केलेल्या तिरप्या ढिगाऱ्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही आणि आईसारखी माणसे घसरतात.

अपघात म्हटले की महामार्ग डोळ्यांपुढे येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती आणि १९.५ टक्के पायी चालणारी. म्हणजे दर दहा मृतांपैकी सहाहून अधिक माणसांच्या भोवती लोखंडाचे कवच नव्हते. महाद्वार रोडवर असतात ती जवळजवळ सगळी याच दोन गटांतली माणसे.

दिवसा गर्दीमुळे वाहनांचा वेग फारसा वाढू शकत नाही, म्हणून तिथे धक्के, पडझड आणि हाडमोडी होतात. खरी भीती मला पहाटे आणि रात्री उशिरा वाटते, जेव्हा काकड आरतीला निघालेली आणि शेजारती करून परतणारी माणसे रस्त्यावर असतात आणि रस्ता मोकळा दिसल्याने वाहने सुसाट जातात. ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते, ताशी ५० वेगाचे १४ मीटर. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर पहिले वाहन साधारण १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. दुसऱ्या वाहनाचा तोवर ब्रेकही लागलेला नसतो आणि त्याला थांबायला एकूण २८ मीटरच्या आसपास लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवले आहे की सरासरी वेग एका टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे वेग हा केवळ चालकाच्या स्वभावाचा विषय राहत नाही. सरळ, रुंद आणि रिकामा दिसणारा रस्ता चालकाला वेग वाढवायला सांगत असतो, मग कडेला कितीही पाट्या लावा.

गतिरोधकांवर आपल्याकडे फार भिस्त ठेवली जाते आणि तेच सगळ्यात वाईट बनवले जातात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असा दिला आहे, तो ताशी २५ किलोमीटर वेगाने शांतपणे ओलांडता यावा म्हणून. गल्लीबोळांत आपण पाहतो तो हातभर रुंदीचा, बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा दुचाकीला उडवतो, मागे बसलेल्या बाईच्या कमरेला झटका देतो आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल करतो. महाद्वारासमोर मला गतिरोधकाऐवजी उंच ओलांडपट्टी हवी आहे, म्हणजे रस्त्याचा एक लांब भाग पदपथाच्याच पातळीला उचलायचा, दोन्ही बाजूंना वाहनांसाठी सौम्य उतार द्यायचे आणि त्यावर दगडी फरशी बसवायची, जेणेकरून देवळाच्या दारातून बाहेर पडणारा माणूस पायरी न उतरता समोर ताराबाई रोडच्या तोंडापर्यंत जाईल आणि वाहन त्या तेवढ्या भागात पाहुणे असेल.

दोन्ही टोकांना चौक आहेत, त्यांचेही काम बरेच आहे. तीन रस्ते मिळतात ती तिकटी, हा आपल्याकडचा शब्द आणि ती रचनाही आपलीच, जुनी. तिकटीत वाहन वळते ते कोपऱ्यावर, आणि कोपऱ्याची गोलाई जितकी मोठी तितके ते वेग कमी न करता वळते. रुंदीकरण करताना कोपरे गोल कापण्याची पद्धत आहे, कारण बस आणि ट्रक वळवायचा असतो. पण जिथे दिवसभर दुचाक्या आणि रिक्षाच वळतात तिथे ही गोलाई चालणाऱ्याच्या जिवावर येते. कोपरा पुढे आणला, त्याची गोलाई लहान केली, तर दोन गोष्टी एकदम साधतात. वळणारे वाहन मंदावते आणि ओलांडायचे अंतर कमी होते. रस्ता ओलांडणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने १२ मीटर रस्त्याला १० सेकंद लागतात. आई आता त्याच्या निम्म्या वेगाने चालते, म्हणजे तिला २० सेकंद लागतात. कोपरे पुढे घेऊन तेच अंतर ७ मीटरवर आणले, तर ती १२ सेकंदांच्या आत पलीकडे पोहोचेल. वाहनांच्या मधून वाट काढत आठ सेकंद कमी उभे राहावे लागणे म्हणजे काय, हे ज्याने वयस्कर माणसाचा हात धरून तिकटी ओलांडली आहे त्याला सांगावे लागणार नाही.

आता फेरीवाल्यांविषयी, कारण महाद्वार रोडची चर्चा नेहमी त्यांच्यापाशी येऊन अडते आणि अनेकदा तिथेच संपते. गजरे, वेण्या, ओटीचे साहित्य, कुंकू, बांगड्या, खेळणी, केळी यांच्याशिवाय हा रस्ता मला कल्पनेतही दिसत नाही. आई पडली तेव्हा सगळ्यात आधी धावून आली ती गजरेवाली बाई. तिनेच तांब्यातले पाणी दिले आणि तिनेच हातगाडीखालचा नारळ काढून पिशवीत ठेवला. रस्त्यावर दिवसभर बसणारी अशी माणसे तिथली सगळ्यात मोठी राखण असतात. त्यांना उठवून रस्ता सुरक्षित होणार नाही. उठवलेली गाडी चार दिवसांनी परत येते आणि तेव्हा ती धास्तावलेली, कुठेही, चालण्याच्या ऐन वाटेत उभी राहते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहरांना नगर पथविक्रेता समिती स्थापन करायला सांगितले आहे, तिच्यात ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांमधून यावेत आणि त्यांत एकतृतीयांश महिला असाव्यात असेही ठरवून दिले आहे. म्हणजे जागा ठरवताना गजरेवालीला विचारणे हा कायदाच आहे. माझ्या नकाशात दुकानांच्या भिंतीलगत चालण्याचा २.५ मीटर पट्टा आहे आणि त्याच्या बाहेरच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला, दीड मीटरचा दुसरा पट्टा आहे. त्यात खांब, डीपी, कचऱ्याचे डबे, झाडे आणि ठरवून दिलेल्या मापाच्या बैठका असतील. विक्रेती रस्त्याकडे पाठ करून बसेल, तिचे गिऱ्हाईक पदपथावर सुरक्षित उभे राहील आणि चालणाऱ्याच्या व वाहनाच्या मध्ये तिचीच एक सौम्य भिंत उभी होईल. काही जण म्हणतील की भिंतीपासून असे चार मीटर दोन्ही बाजूंना सगळीकडे मिळणार नाहीत. बरोबर आहे, जिथे मिळणार नाहीत तिथे बैठका एकाच बाजूला घ्याव्या लागतील, काहींना जवळच्या कपिलतीर्थ मार्केटच्या बाजूला जागा द्यावी लागेल, आणि हे त्या समितीत बसूनच ठरवावे लागेल. चालण्याच्या पट्ट्यातून मात्र एक वीतही घेऊ नये.

दुकानदारांशी बोलल्याशिवाय मी हा नकाशा पुढे नेणार नव्हते. माझ्या लग्नाचा चुडा ज्यांनी भरला त्या बांगड्यांच्या दुकानात मी कागद घेऊन गेले. काकांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाले, “पोरी, काढलंयस चांगलं. पण गाडी दारात लागली न्हाई तर गिऱ्हाईक पुढं जातंय बघ. धंदा बसंल आमचा.” मी त्यांना विचारले, “काका, आत्ता दुकानासमोर तीन गाड्या आहेत, त्या कुणाच्या?” ते बाहेर येऊन उभे राहिले. एक त्यांची स्वतःची होती, सकाळी दुकान उघडताना लावलेली. दुसरी शेजारच्या दुकानातल्या कामगाराची होती. तिसरीचा मालक कोण हे कुणालाच माहीत नव्हते, पण ती दुपारपासून तिथेच होती. दुकानात त्या वेळी पाच बायका बांगड्या पाहत होत्या आणि पाचही जणी देवळातून चालत आलेल्या होत्या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मालाचा टेम्पो कुठं थांबवायचा, ते सांग आधी.”

हा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर नकाशात असायला हवे होते. आता ते आहे. माल उतरवण्यासाठी सकाळी ९ च्या आधीची आणि रात्री दुकाने मिटल्यानंतरची वेळ राखायची, ठराविक अंतरावर टेम्पो थांबण्याचे खण आखायचे आणि दिवसा जड माल हातगाडीने आत आणायचा. अग्निशमनाचा बंब आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी मधली ३.५ मीटर रुंद वाट चोवीस तास मोकळी राहायला हवी, तिथे मांडव नाही, बैठक नाही, उभे वाहन नाही. रहिवाशांच्या गाड्यांना ओळखपत्रावर प्रवेश, आणि चालता न येणाऱ्या भाविकांसाठी दोन्ही टोकांपासून महाद्वारापर्यंत रिक्षाला सोडण्याची मुभा. रिक्षाला बंदी घालणाऱ्या योजना मला पटत नाहीत, कारण वयस्कर माणसाला दारापर्यंत सोडून लगेच निघून जाणारी रिक्षा दिवसभर एका जागी उभ्या राहणाऱ्या मोटारीपेक्षा रस्त्याची जागा कितीतरी कमी वापरते. राहिली भाविकांची वाहने. ती देवळाच्या दारापर्यंत येण्याची गरज नाही. नवरात्रात मंदिर परिसरातले रस्ते वाहनांना बंद असतात, लाखो माणसे दूर वाहन लावून चालत येतात आणि त्या दहा दिवसांत बाजाराची उलाढाल थांबत नाही.

एकेरी वाहतुकीबद्दल थोडे सावध बोलते. पेठेतल्या अरुंद रस्त्यांवर हा उपाय सगळ्यात आधी सुचतो आणि जागा मोकळी करायला तो उपयोगीही आहे, पण समोरून वाहन येणार नाही याची खात्री झाली की चालकाचा वेग वाढतो. म्हणून एकेरी करायचेच असेल तर वाचलेली मार्गिका त्याच दिवशी पदपथाला जोडून टाकावी. ती तशीच रिकामी ठेवली, तर महिनाभरात तिच्यावर वाहने उभी राहतील आणि चालणारा होता तिथेच राहील.

असे बदल इतर शहरांनी करून पाहिले आहेत. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले आणि बसण्याच्या जागा केल्या, चेन्नईत टी. नगरच्या पाँडी बाजारात २०१९ मध्ये पादचारी मार्ग खुला झाला. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना मज्जाव आहे. चांदणी चौकाची रुंदी, चेन्नईची हवा, पुण्याची झाडे आपल्याकडे नाहीत, त्यामुळे नक्कल करून चालणार नाही. दिल्लीच्या अनुभवातून मात्र एक गोष्ट घ्यावी: बंदीचा आदेश काढणे एका दिवसाचे काम असते, ती रोज सकाळी ९ वाजता अमलात आणणे हे वर्षानुवर्षांचे काम असते आणि त्यासाठी माणसे, पगार आणि जबाबदारी आधी ठरवावी लागते.

पुण्याकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. तिथे ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला जातो. कोल्हापुरात एक दिवस पुरणार नाही, कारण उत्सवासाठी रस्ता बंद करण्याची आपल्याला सवय आहे आणि उत्सव संपला की सगळे विसरले जाते. मला सलग आठ शुक्रवार हवे आहेत. फरशी फोडायची नाही, सिमेंट ओतायचे नाही. रंगाचे पट्टे, पिंपे, कुंड्या आणि दोरी एवढ्यावर नव्या कडा आखायच्या, कोपरे पुढे घ्यायचे, बैठकांचे खण दाखवायचे. पहिल्या शुक्रवारी गोंधळ होईल, दुसऱ्या शुक्रवारी टेम्पोचा खण चुकीच्या जागी आहे हे कळेल आणि तो पन्नास रुपयांच्या रंगात हलवता येईल. हीच चूक दगडात झाली असती तर ती वीस वर्षे तशीच राहिली असती. त्या आठ आठवड्यांत रोज ठरावीक वेळी मोजणी व्हावी: किती माणसे पदपथ सोडून खाली उतरली आणि कुठे उतरली, ओलांडणाऱ्याला किती वेळ थांबावे लागले, वाहनांचा वेग पहाटे किती होता, गल्ल्यावर किती जमले. शेवटची नोंद दुकानदारांनी स्वतः ठेवावी, म्हणजे तिच्यावर त्यांचा विश्वास बसेल.

कायमचे काम सुरू करायचे तेव्हा मात्र आधी जमिनीखाली जावे लागेल. जुन्या पेठेत पाण्याच्या वाहिन्या, सांडपाण्याच्या नळ्या, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या खोलीवर पडलेल्या असतात आणि नवी फरशी बसली की दोन महिन्यांत तीच फोडण्याची वेळ येते. एकदाच खोदावे, सगळ्या सेवा पदपथाखाली एका बाजूला घ्याव्यात, उघडता येतील अशी झाकणे बसवावीत आणि ती फरशीच्या पातळीत असावीत. कोल्हापूरचा पाऊस पाहता पाण्याचा उतार ही दुय्यम बाब नाही. पदपथाच्या कडेला साचलेले पाणी चुकवण्यासाठीही माणूस रस्त्यावरच येतो.

हे सगळे ऐच्छिक, सुशोभीकरणाच्या खात्यातले काम आहे असे कोणी मानत असेल, तर त्याने दोन गोष्टी पाहाव्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याचे संकल्पन, बांधकाम किंवा देखभाल ठरवून दिलेल्या मानकांनुसार नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अडथळे नसलेले पदपथ मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ते अपंग व्यक्तींनाही वापरता येतील असे असले पाहिजेत.

अडथळे मोजण्याची आपल्याला सवय नाही असे नाही. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरमध्ये ९ ते ११ तारखेला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला, मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. ती किरणे अडू नयेत म्हणून वाटेतल्या इमारतींचे कोपरे, फलक, टाक्या यांचा अभ्यासकांनी काळजीपूर्वक अभ्यास केला आहे आणि कोणता अडथळा किती आड येतो हे शोधून काढले आहे. किरणोत्सवाला मीही उभी राहते आणि किरणे मुखावर पोहोचली की माझेही डोळे भरून येतात. त्याच काळजीने, त्याच चिकाटीने कोणीतरी बिनखांबी गणेश मंदिरापासून महाद्वारापर्यंत एका वयस्कर बाईची पावलेही तपासावीत, कुठे ती अडते आणि कुठे उतरते हे नोंदवावे, एवढे माझे मागणे आहे.

नकाशा पूर्ण झाल्यावर तो मी सगळ्यात आधी आईसमोर ठेवला. प्लास्टर निघून बरेच महिने झाले होते, तरी ती डावा हात मांडीवर जपून ठेवत होती. मी तिला तिची वाट बोटाने दाखवली: इथे गणपती, इथून सलग पदपथ, कुठेही पायरी नाही, इथे गजरेवाल्या मावशी, इथे उंच ओलांडपट्टी आणि हे महाद्वार. तिने सगळे शांतपणे पाहिले आणि विचारले, “मी दमलो की बसू कुठं? ते काढलं न्हाईस.” तिचे खरे होते. रुंद्या, उतार, गोलाई, खण, सगळे काढले होते आणि बसायला कट्टा कुठेच नव्हता. ती वाटेत तीनदा थांबते, हे मला इतक्या वर्षांत माहीत होते. मी तिला त्या तीन जागा विचारल्या, तिने नकाशावर बोट ठेवून दाखवल्या आणि मी तिथे पेन्सिलीने कट्टे काढले. महाद्वाराजवळचा थोडा मोठा, कारण तिथे चपला घालायला सगळ्यांनाच बसावे लागते, असे ती म्हणाली.